हलीमाखालाची पनचक्की

हलीमाखाला पनचक्कीत यायची ती आधी हातानं. उंबऱ्याबाहेर चपला काढायची, डावा तळवा दाराशेजारच्या दगडी भिंतीला टेकवायची आणि डोळे मिटून उभी राहायची. मग आत येऊन मला विचारायची, "आज बोलली का?"

मी पाणसांगवीत नर्स म्हणून नवीनच गेले होते. उपकेंद्राची इमारत पडायला झालेली, म्हणून ग्रामपंचायतीनं नदीकाठची ही जुनी पनचक्की आम्हाला दिली होती. एका कोपऱ्यात माझं टेबल, शेजारी लसींचा डबा, वजनकाटा. दुसऱ्या कोपऱ्यात गुडघाभर उंचीवर बसवलेले दोन प्रचंड दगड, एकावर एक. बाळांना लस टोचून घ्यायला आलेल्या बाया त्या दगडांकडे पाठ करून बसत नसत. त्यांना मी कारण विचारलं तर एकमेकींकडे बघून हसायच्या.

पहिल्याच आठवड्यात मी खालाला उत्तर दिलं, "नाही खाला, काही बोलली नाही."

तिनं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुला ऐकू येत न्हाई अजून. येईल."

मी लातूरची. वडील एसटीत कंडक्टर, घरी भुताखेतांना थारा नव्हता. लहानपणी कुणी तसलं काही बोललं की वडील म्हणायचे, तिकीट दाखव म्हणावं त्याला. त्यामुळे खालाचं बोलणं मी मनावर घेतलं नाही. पण ती रोज यायची. दहाच्या सुमारास, उन्हं चढत असताना. पंच्याहत्तरीची बाई, काटकुळी, अंगावर फिक्या रंगाचं लुगडं, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या, गळ्यात काळ्या मण्यांचा लच्छा. मला वाटलं, नवरा असेल घरी. तिच्या घरी पहिल्यांदा चहाला गेले तेव्हा कळलं, ती एकटीच राहते.

चक्की तिच्या सासरच्यांची. निजामाच्या काळात तिच्या आजेसासऱ्यानं बांधलेली, असं गावात सांगायचे. वरच्या अंगाला नदीत दगडी बांध, तिथून पाट काढलेला. पाटाचं पाणी चक्कीच्या खालच्या खोलीत जोरानं पडायचं, तिथं आडवं लाकडी चाक होतं, ते फिरायचं, आणि त्याचा आस जमिनीतून वर येऊन वरचा दगड फिरवायचा. पाणी सोडायचं तर एक फळी उचलावी लागे. तिचा दांडा वरच्याच खोलीत, दगडाच्या उशाला. पंचक्रोशीतली ज्वारी इथं दळली जायची. मग विजेच्या चक्क्या आल्या. ही बंद पडली. काही वर्षं तिथं रेशनचं गोदाम होतं, काही वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग भरले, मग आम्ही. खालच्या खोलीचं दार मात्र दगडमातीनं बुजवलेलं. का बुजवलं, ते मला कुणी आपणहून सांगितलं नाही.

खाला फार बोलायची नाही, पण तिच्या दोन-तीन गोष्टी ठरलेल्या. दगडावर कुणी काही ठेवलं तर ती निमूटपणे उचलून खाली ठेवायची, मग ते माझं रजिस्टर असो की डॉक्टरांची बॅग. मुलं खेळता खेळता वरच्या दगडाला ढकलायला गेली की ओरडायची, "मोकळी फिरवू नका रे! दाणा नसला की दगड दगडाला खातो, ठिणग्या उडत्यात!" कुणाचं माणूस गेलं आणि ती बाई सुन्न बसून राहिली, की खाला तिच्या मांडीवर सूप ठेवायची, निवडायला. म्हणायची, "मोकळी नको बसू बेटी."

आणि पिठाचं तिला कळायचं. कसं कळायचं ते मी सांगू शकत नाही, पण कळायचं. चिमूटभर पीठ अंगठा आणि तर्जनीत चोळायची आणि सांगायची, काळ्या रानातली ज्वारी आहे, का माळावरची, दळताना चक्की किती तापली होती. एकदा सुमनबाईंच्या दारावरून आम्ही दोघी चाललो होतो. सुमनबाई बचत गटाच्या अध्यक्ष, मोठं घर, नऊ माणसं. पडवीत त्यांची सून भाकरीसाठी परातीत पीठ घेत होती. खाला रस्त्यावरच थांबली.

"ते पीठ टाक," ती म्हणाली.

सून हसली. "अवो खाला, आताच दळून आणलंय."

"टाक म्हणून राहिले मी. बोंबलून राहिलंय ते."

सुमनबाई बाहेर आल्या, जरा चिडल्याच. मी मध्ये पडले, पीठ हातात घेऊन पाहिलं. मला काही दिसलं नाही, वासही आला नाही. पण खाला दारातून हलेना. शेवटी मी पोतं बघायला मागितलं. पेरणीसाठी औषध लावून ठेवलेल्या बियाण्याच्या पिशवीतली ज्वारी चुकून दळणात गेली होती. पिशवीच्या तळाशी अजून गुलाबी दाणे चिकटलेले होते. नऊ माणसं दुपारी त्याच पिठाच्या भाकरी खाणार होती. सुमनबाईंनी खालाचे पाय धरले. खालानं पाय मागे घेतले आणि म्हणाली, "मला न्हाई कळलं. मला सांगितलं."

"कुणी?" मी विचारलं.

ती पुढं चालू लागली.

तेव्हापासून मी तिचं बोलणं लक्ष देऊन ऐकू लागले. आणि पिठाकडे बघू लागले. कारण आमच्या खोलीत पीठ पडायचं. छताला जुने सागवानी वासे होते, त्यांच्या फटींत कित्येक वर्षांचं पीठ साचलेलं, वटवाघळं हलली की भुरभुरायचं. सकाळी टेबलावर पांढरा थर असायचा, मी फडक्यानं पुसायची. खाला त्या थरावर बोट फिरवून म्हणायची, "आज बारीक हाय." किंवा, "आज जाडं पडलं. घाईत हाय."

एप्रिलमधली एक दुपार. माझ्या मदतीला असणाऱ्या आशाताई जेवायला गेलेल्या, बाहेर चिटपाखरू नव्हतं. नदी आटून तिच्या पात्रात नुसते धोंडे उरले होते. मी रजिस्टर भरत होते आणि माझ्यासमोर, पानावर, पीठ पडायला लागलं. भुरभुर नाही. एक बारीक धार. पेन ठेवलं. वर पाहिलं तर वासे स्थिर, वटवाघळं नव्हती. पानावर छोटा ढीग झाला आणि धार थांबली. मी त्याला बोट लावलं. पीठ गरम होतं. ताज्या दळणाला असते तशी ऊब. एप्रिलात मराठवाड्यात सगळंच गरम असतं, हे मी स्वतःला सांगितलं. मग टेबलाच्या लाकडाला हात लावून पाहिला. दगडी भिंतींच्या त्या खोलीत लाकूड गार होतं.

त्या दिवशी मी खालाच्या घरी गेले आणि सरळ विचारलं. ती चुलीपुढं बसली होती. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "दार लोटून घे."

तिच्या नवऱ्याचं नाव महबूब. चक्कीचं ते शेवटचं वर्ष. गावात विजेची चक्की आली होती, गिऱ्हाईक तुटत चाललं होतं, तरी एका लग्नाचं मोठं दळण आलं. भर दुपारी चाक अडकलं. महबूबनं फळी पाडून पाणी बंद केलं आणि खालच्या खोलीत उतरला. जाताना बायकोला म्हणाला, "मी हाक मारली की फळी उचल." लेक शमीम तेव्हा अंगावर पिणारी. खाला तिला मांडीवर घेऊन दांड्याजवळ बसली.

"आणि हाक आली," खाला म्हणाली. "'उचल' म्हणून. मी उचलली. दगड फिरला, पीठ पडलं. मी म्हणलं, आता येईल वर. पायली झाली, दोन पायल्या झाल्या. येईना."

पाणी बंद करून माणसं खाली उतरली. आत कुणी नव्हतं. चाकाला रक्ताचा डाग नव्हता. नदीकडे पाणी बाहेर पडायचं तोंड होतं, तिथून खाली दोन कोस नदी धुंडाळली. काही मिळालं नाही, धोतराची चिंधीसुद्धा नाही. दोन महिन्यांनी गावानं ते दार बुजवून टाकलं.

"हाक त्याचीच होती का बेटी?" तिनं मला विचारलं. "का माझ्या कानाचा भास होता आन् मीच त्याच्यावर पाणी सोडलं? चाळीस वर्षं झाली. रोज जाते, भिंतीला हात लावते. तो काम करून राहिला हे मला कळतं. पण तेवढं एक सांगत न्हाई तो."

मी तिचा रक्तदाब मोजला. दुसरं काही सुचलंच नाही.

दोन वर्षांनी उपकेंद्राला नवी इमारत मिळाली आणि पनचक्की रिकामी झाली. सुमनबाईंच्या मनात आलं, ती पुन्हा चालू करावी. दगडी चक्कीचं, गार दळलेलं ज्वारीचं पीठ लातूरला, पुण्याला जाईल; गटातल्या बायकांना गावातच काम मिळेल. लातूरहून जाधव नावाचे इंजिनियर आले. भला माणूस, उत्साही, मोजपट्टी सतत हातात. मला धास्ती होती खालाची. वाटलं, ती आडवी पडेल.

ती आडवी पडली नाही. उलट तिनंच सगळं शिकवलं. दगडाला टाकी कशी लावायची, म्हणजे छिन्नीनं खाचा किती खोल पाडायच्या. दाणा एका वेळी किती सोडायचा. वरच्या दगडाची उंची बोटाच्या नखाइतकी कशी राखायची. बायका वेढा घालून बसायच्या आणि ही म्हातारी त्यांच्या मधोमध, छिन्नी हातात घेऊन. तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा मोठा झालेला ऐकला. अट एकच घातली. खालची खोली दिवसाउजेडी उघडायची, आणि आत पहिलं पाऊल तिचं.

दार फोडलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. आम्हा सगळ्यांना वाटलं होतं, आत छातीभर गाळ असणार. खाला वाकून आत गेली. आम्ही बाहेर थांबलो. थोड्या वेळानं तिचा आवाज आला, "या."

गाळ नव्हता. फरशी झाडल्यासारखी स्वच्छ. चाकाच्या फळ्या कुजून पडल्या होत्या, त्या एका बाजूला नीट रचून ठेवलेल्या. आणि मधोमध ज्या लोखंडी खिळ्यावर आस फिरतो, तो खिळा चकाकत होता. जाधवांनी बोट लावलं. बोटाला तेल आलं.

"खाला, तुम्ही येत होता काय इथं?" त्यांनी विचारलं.

"भिंतीतून?" ती म्हणाली.

जाधवांचं म्हणणं पडलं, नदीकडच्या तोंडातून ती उन्हाळ्यात येत असणार. असेलही. मी त्या बाजूनं जाऊन पाहिलं. तोंड कमरेइतकं उंच, आणि त्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत कोळ्याची जुनी, धुळीनं जाड झालेली जाळी. ती कुठंही फाटलेली नव्हती. मी हे कुणाला सांगितलं नाही. बायका आधीच बिचकल्या होत्या, आणि चक्की चालू व्हायला हवी होती.

नवं चाक मुखेडच्या काशीनाथ सुतारानं बनवलं. चाळिशीचा, कमी बोलणारा, कामाला चोख. तो रोज मोटरसायकलवर यायचा, डबा खायचा, संध्याकाळी जायचा. गावात फारसा कुणात मिसळला नाही.

पाऊसकाळ संपत आला, पाट भरून वाहू लागला तेव्हा पहिली चाचणी ठरली. गाव जमलं. तालुक्याचे कुणी साहेब आले होते, त्यांना पुढं जायची घाई. सुमनबाईंनी दांडा ओढला, फळी उचलली गेली, खाली पाणी कोसळल्याचा आवाज झाला आणि दगड हलला. आधी कुरकुरत, मग घुमत. खालानं मुठीनं दाणे सोडले. पीठ पडायला लागलं तशी सुमनबाई रडायलाच लागल्या. मग फळी पाडून चहा झाला. फोटो काढायचे राहिले होते, म्हणून साहेब म्हणाले, एकदा परत चालू करा.

जाधव म्हणाले, "सोडा पाणी."

खाला दगडाजवळ बसली होती. दगड थांबलेला, तिचा हात त्याच्यावर. ती एकदम म्हणाली, "उचलू नका. खाली माणूस हाय."

मग साहेब हसले. जाधव समजुतीच्या सुरात म्हणाले, "खाला, सगळे इथंच आहेत की."

"न्हाई. माणूस हाय. उचलू नको सुमन!"

सुमनबाई गोंधळल्या. एका बाजूला खाला, दुसऱ्या बाजूला घड्याळ बघणारे साहेब. त्यांचा हात दांड्यावर होताच. त्यांनी तो अर्धा ओढला.

खाला उठली कधी ते मला दिसलं नाही. तिनं दांड्यावर अंग टाकलं. ते हाडकुळं शरीर सगळ्या वजनानिशी दांड्याला लोंबकळलं आणि फळी खाली आपटली. पाणी सुटून तोवर दोन-चार श्वास झाले होते. दगडानं एक पुरा फेरा घेतला होता.

आणि मग आम्हाला आवाज आला. खालून. माणसाचा.

मी जाधवांच्या मागोमाग पायऱ्या उतरले. चाकाच्या पलीकडे, नदीकडच्या तोंडाशी काशीनाथ पडला होता, नखशिखान्त भिजलेला, थरथरत. चहाच्या वेळी त्याच्या लक्षात आलं होतं की चाकाची एक पाचर ढिली झालीय. कुणाला न सांगता तो मागच्या तोंडातून आत शिरला होता, पाचर ठोकायला. त्याच्या शर्टाची बाही चाकाच्या फळीत अडकून खांद्यापासून फाटून गेली होती. ती चाकाला गुंडाळलेली दिसत होती. हात मात्र शाबूत होता.

मी त्याला वर आणून पांघरूण दिलं, जखमा तपासल्या. दोन-चार ठिकाणी खरचटलेलं. नाडी पळत होती. तो सारखा माझ्या खांद्यावरून मागं बघत होता.

"तो कुठाय?" त्यानं विचारलं.

"कोण?"

"मला मागं ओढलं तो. चाकात हात जाऊन राहिला होता माझा. मागनं धरलं अन् खेचलं." त्यानं स्वतःचा दंड धरून दाखवला. "शिस्टर, कमरेएवढं पाणी होतं. त्याचा हात कोरडा होता. पीठ लावल्यासारखा."

खोलीतली माणसं एकेक करून दाराकडे सरकली. खाला मात्र जवळ आली, काशीनाथपुढं उकिडवी बसली.

"काही बोलला?" तिनं विचारलं. आवाज इतका बारीक, की मलाच जेमतेम ऐकू आला.

काशीनाथ आठवू लागला. "हाव. बोलला. मला न्हाई समजलं. म्हणला, तिला सांग, हाक मीच मारली होती."

खालानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. घरात मोठं माणूस आलं की सून ओढते तसा, कपाळापर्यंत. मग ती जमिनीवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. चाळीस वर्षांत गावानं तिला रडताना पाहिलं नव्हतं, असं सुमनबाई नंतर म्हणाल्या.

मी नंतर मुखेडला जाऊन काशीनाथला विचारलं. कुणी सांगितली होती का तुला महबूबची गोष्ट? तो म्हणाला, कोण महबूब? मी त्याच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं. खोटं बोलणारा माणूस मला ओळखता येतो, पंधरा वर्षं नर्सिंग केल्यावर येतोच. तो खोटं बोलत नव्हता. गावातल्या चहाच्या टपरीवर अर्धवट कानावर पडलं असेल आणि भीतीनं वर आलं असेल, असं मी अजूनही कधी कधी स्वतःला समजावते.

चक्की आता चालते. काम करताना बायका खाली कुणी नाही याची खात्री करतात, तीन वेळा. वासे धुऊन घेतले तेव्हापासून छतातून पीठ पडलं नाही. खाला चक्कीत पुन्हा आली नाही. मी कारण विचारलं तर म्हणाली, "आता त्याला सुट्टी." महिनाभरात तिनं घराला कुलूप लावलं. शमीम लातूरजवळच्या मुरुडला असते, ती कितीतरी वर्षं आईला बोलवत होती. आता खालानं स्वतःच निरोप धाडला, येते म्हणून.

तिला मुखेडच्या स्टँडवर सोडायला मी गेले होते. लातूरची गाडी लागली तशी गर्दी उसळली. मी खिडकीतून पिशवी टाकून जागा धरली, खाला आत जाऊन बसली, खिडकीशी. दोघांचा बाक. गाडी भरत गेली, माणसं दांडीला धरून उभी राहिली, पण तिच्या शेजारची जागा रिकामीच. कडेवर पोर घेतलेली एक बाई वाकून म्हणाली, "इथं कुणी हाय का मावशी?" खाला काय बोलली ते मला काचेतून ऐकू आलं नाही. त्या बाईनं एकदा त्या जागेकडे पाहिलं, पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पुढं सरकली.

मी हात हलवला. खालाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तिनं तोंड आत वळवलं होतं. गाडी सुरू झाली, वळसा घेऊन फाटकाबाहेर निघाली, तेव्हा मला ती पुन्हा एकदा दिसली. पदर तोंडाशी धरून ती हसत होती, शेजारी बसलेल्या कुणीतरी थट्टा केल्यासारखी.